बसायला आलेली ईमेल

शिरीष खेडलेकरने बनवलेल्या ॲड-ऑनमधलं 'नंतर' हे बटण दाबलं, की ज्या ईमेलवर ते दाबलं ती ईमेल तासाभरात घरी येऊन बसायची.

ॲड-ऑन म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटासा प्रोग्रॅम. याचं नाव 'निपटारा'. ज्या मेलला लगेच उत्तर द्यायचं नसेल तिच्यापुढचं 'नंतर' दाबायचं, ती डोळ्यांआड होईल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर येईल, अशी मूळ योजना. डोळ्यांआड झालेली मेल मधल्या वेळात जाते कुठे, याचा विचार शिरीषने केला नव्हता. त्याच्या स्वतःच्या इनबॉक्समध्ये चार हजार दोनशे मेल न वाचता पडून होत्या, आणि हा माणूस जगाला मेल कशा हातावेगळ्या कराव्यात ते शिकवायला निघाला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान. शिरीषला हे मान्य होतं. तो स्वतःच सांगायचा, की याआधीची त्याची तीन ॲप बुडाली, त्यातलं एक वेळेवर उठण्याचं होतं आणि ते चालू करायचं राहून गेलं म्हणून बुडालं.

पहिली मेल आली ती मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी अकराला. नाशिकच्या त्या फ्लॅटची बेल वाजली, शिरीषने दार उघडलं. दारात करड्या साडीतली एक व्यक्ती उभी होती, हातात प्लॅस्टिकचं फोल्डर.

"मी गॅसच्या केवायसीबद्दल," ती म्हणाली. "तुम्ही नंतर म्हणालात."

आणि ती आत येऊन सोफ्यावर बसली.

"कोण आलंय रे?" शुभदाने आतून विचारलं. शुभदा शिरीषची बायको. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि सुटी असल्यामुळे घरीच होती.

"ईमेल आहे."

"मग पाणी दे तिला. उन्हातून आली असेल."

शिरीषने पाणी दिलं, केवायसीचा फॉर्म भरून पाठवला. मेल उठली, "येते" म्हणाली आणि गेली. सगळं मिळून बारा मिनिटं लागली. हाच फॉर्म तो नोव्हेंबरपासून भरणार होता.

चाचणीचं काम खालच्या मजल्यावरच्या कस्तुरेकाकांकडे होतं. मधुसूदन कस्तुरे तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी लांब वही आणली, तीत आवक-जावकचे रकाने आखले आणि दाराशी खुर्ची टाकून बसले. येणाऱ्या प्रत्येक मेलला ते विषय विचारायचे, आल्याची वेळ लिहायचे आणि सही घ्यायचे.

"काका, मेल घरी येतायत हा दोष आहे की सोय?" शिरीषने पहिल्याच दिवशी विचारलं.

"ते ठरवणं माझ्या अखत्यारीत नाही," काका म्हणाले. "आली, बसली, गेली, एवढं मी लिहितो."

दोन आठवड्यांत बऱ्याच गोष्टी कळल्या. मेलला काही जोडलेलं असेल तर ती पिशवी घेऊन यायची. प्रतीत, म्हणजे 'सीसी'त, आणखी कोणाची नावं असतील तर ती तितक्या जणींना बरोबर आणायची. त्या बोलायच्या काहीच नाहीत, नुसत्या शिरीषकडे बघत राहायच्या. सवलतींच्या जाहिराती सहा-सहाच्या घोळक्याने यायच्या आणि एकाच वेळी बोलायच्या, म्हणून त्यांना बाल्कनीत बसवायचं ठरलं. मेल डिलीट केली तर ती जिन्यात जाऊन बसायची आणि बरोबर तीस दिवसांनी निघेन म्हणायची. उत्तर न देता 'जुन्या मेल' या कप्प्यात टाकली तर ती निमूटपणे स्टूल मागायची आणि माळ्यावर चढायची. कोणालाही अर्ध्या तासाच्या वर थांबायची परवानगी नव्हती. तेवढ्यात उत्तर मिळालं नाही तर उठायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं, असं प्रोग्रॅममध्ये, पडद्यावर दिसणाऱ्या आठवणीसाठी, लिहिलेलं होतं. मेल लिहिल्याबाहेर जात नाही.

आणि काम होत होतं. समोर माणूस बसलं असताना उत्तर न देणं शिरीषला जमेना. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, इथे ती कामाची निघाली. बंगळूरच्या एका कंपनीला हे आकडे इतके आवडले, की त्यांनी आपल्या सहा हजार कर्मचाऱ्यांच्या ब्राउझरमध्ये 'निपटारा' बसवायची तयारी दाखवली. अट एकच: तीस मेपर्यंत चाचणीचा दाखला हवा आणि त्यावर चाचणीतली एकही मेल प्रलंबित नाही असा शेरा हवा. शिरीषला आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी वेळेत पुरं होईल असं वाटायला लागलं.

मग त्याने सहा महिन्यांपेक्षा जुन्या, वाचून उत्तर न दिलेल्या सगळ्या मेल एकदम निवडून 'नंतर' दाबलं. तासाभरात आलेल्या बावीस जणींमध्ये दिगूची मेल होती.

दिगंबर चौधरी हा शिरीषचा इंजिनिअरिंगपासूनचा मित्र. 'निपटारा'चा अर्ध्याहून जास्त भाग त्याने लिहिला होता, दोन वर्षं, शिरीषबरोबर एका भाड्याच्या खोलीत बसून. पुढे वडील आजारी पडले म्हणून तो भुसावळला परत गेला आणि तिथे पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागला. त्याची मेल अकरा महिन्यांपूर्वीची होती. अंगाने बारीक, कारण चारच ओळींची. बाकीच्या एकवीस जणी सोफे आणि खुर्च्या अडवून बसल्या, ही चपलांच्या कपाटाजवळच्या लहान स्टुलावर टेकली.

"विषय?" कस्तुरेकाकांनी विचारलं.

"विषय लिहिलेला नाही," ती म्हणाली. मग तिने स्वतःला वाचून दाखवलं. "शिऱ्या, नवीन आवृत्ती पाहिली. छान झालीय. माझं नाव कुठे दिसलं नाही, राहून गेलं असेल. सवडीने बघ."

काकांनी लिहून घेतलं. शिरीष लॅपटॉपकडे बघत राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

अर्धा तास झाला. दिगूची मेल नियमाप्रमाणे उठली आणि म्हणाली, "निघते."

इथे शिरीषने ती चूक केली. निघालेल्या पाहुण्याला जे म्हणायचं ते त्याच्या तोंडून गेलं. "बसा हो! एवढी काय घाई? आता जेवूनच जा."

हे वाक्य तो जन्मभर म्हणत आला होता, एक हात कडीवर ठेवून. ऐकणाऱ्याला ते कळतं. तो "नको, पुन्हा येईन" म्हणतो आणि जिना उतरतो. दोन्ही बाजूंची शोभा राहते. पण मेलला शोभा कळत नाही. ती बसली. जेवली. जेवून पुन्हा स्टुलावर बसली, आणि अर्ध्या तासाचा नियम तिच्यापुरता संपला.

"वापरकर्त्याने स्वतः आग्रह केला," काका लिहिता लिहिता म्हणाले. "आता तिला उठवता येणार नाही."

बाकीच्या एकवीस जणींना शिरीषने चार दिवसांत उत्तरं दिली. दिगूची मेल राहिली. ती कोणाला त्रास देत नव्हती. शुभदाबरोबर मटार सोलायची, कुंड्यांना पाणी घालायची. शुभदा तिला बाई म्हणायला लागली आणि बाईंच्या हातच्या पोळ्या मऊ होतात असंही म्हणाली. शिरीषला मात्र हॉलमधून स्वयंपाकघरात जायची चोरी झाली. तो बाल्कनीतून वळसा घालून जायला लागला. त्या बाजूला दार नव्हतं, खिडकी होती.

त्याने उपायही केले. 'मी सध्या रजेवर आहे' असं आपोआप जाणारं उत्तर सुरू केलं. मेलने ते वाचलं, समोर बनियनवर बसलेल्या शिरीषकडे पाहिलं आणि पुन्हा मटारात हात घातला. मग त्याने तयार मजकुरातलं उत्तर पाठवलं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. तिने ते घडी करून परत दिलं. "हे माझ्यासाठी नसावं," ती म्हणाली. मग त्याने तिला जुन्या मेलच्या कप्प्यात टाकलं. ती माळ्यावर चढली, पण जेवायच्या वेळेला खाली आली, कारण आग्रह झालेला होता.

"तुम्हाला इथे कंटाळा येत असेल," शिरीष एकदा म्हणाला.

"नाही. मला घाई नाही," मेल म्हणाली. "सवडीने असं माझ्यातच लिहिलंय."

अठ्ठावीस मेला काकांनी वही मिटली आणि चष्मा काढला. "खेडलेकर, प्रलंबित एक. परवा दाखला द्यायचाय. प्रकरण काय आहे?"

"तसं काही नाही काका. नावाचं आहे एका."

"नाव राहिलं, की काढलं?"

शुभदा दारात येऊन उभी राहिली. बाई मटार सोलत होत्या आणि शेंगा फुटल्याचा आवाज हॉलभर ऐकू येत होता.

"काढलं," शिरीष म्हणाला.

"मग तसं लिहा. कचेरीत प्रकरण दोनच प्रकारे निकाली निघतं, मंजूर नाहीतर नामंजूर. 'नंतर' असा शेरा मी छत्तीस वर्षांत एकदाही मारला नाही." काकांनी चष्मा पुसला. "'पाहणी करून कळवावे' असा मारलाय. पुष्कळदा मारलाय. त्यातली काही माणसं अजून स्वप्नात येतात."

"मला वाटलं होतं तुम्ही भांडलात," शुभदा म्हणाली. "वर्षभर मी समजतेय, दिगूभाऊंचंच काहीतरी बिनसलंय. मी त्यांच्या मुलीच्या वाढदिवसालाही फोन केला नाही."

यावर शिरीषला खरोखर लाज वाटली. आतापर्यंत त्याला नुसती अडचण वाटत होती.

तो लिहायला बसला. पहिल्या खर्ड्यात परिस्थिती होती, दुसऱ्यात बाजारपेठ, तिसऱ्यात नियती. खर्डे घरी येत नाहीत, एवढी एक सोय त्याच्या प्रोग्रॅममध्ये होती. नवव्या वेळी त्याने लिहिलं: "दिगू, राहून गेलं नव्हतं. मी काढलं. नोंदणीच्या अर्जात संस्थापक किती असा रकाना होता, एक लिहिणं सोपं पडलं. नंतर सांगू म्हणालो आणि तुझी मेल आल्यावर तोंडच राहिलं नाही. नाव आज परत घातलंय, तुझं आधी. शिव्या दे, पण उत्तर दे. शिऱ्या." आणि पाठवायच्या आधी त्याने नाव खरंच परत घातलं, कारण मटार सोलणारी बाई बघत होती.

उत्तर गेलं तशी दिगूची मेल उठली. हात धुतले, पदराला पुसले, काकांच्या वहीत सही केली. शुभदाने तिला हळदीकुंकू लावलं. "येते," ती दाराशी म्हणाली. शिरीषच्या जिभेवर पुन्हा "बसा हो" आलं होतं. ते गिळून तो म्हणाला, "या."

दुपारी चारला दिगूचा फोन आला. अकरा महिन्यांनी.

"शिऱ्या, तुझी मेल आलीय."

"आलीय म्हणजे? इनबॉक्समध्ये?"

"दारात. माझ्याकडे आपलं ॲड-ऑन आहेच की, जुन्या दिवसांपासून. मी 'नंतर' दाबलं."

शिरीष पलंगावर बसला. "कशी आहे?"

"तुझ्यासारखीच. चप्पल काढू का नको, चाललंय तिचं. मान वर करत नाही. आई म्हणते, कोण रे हे, जेवलंय का काही?"

"दिगू, उत्तर देशील ना?"

"बघतो. आज नाही होणार माझ्याच्याने. अकरा महिने लई होतात, भाऊ. आता घराचं रंगकाम काढलंय, शिडी धरायला माणूस पाहिजेच होतं. राहू दे तिला तोपर्यंत." आणि त्याने फोन ठेवला.

कस्तुरेकाकांनी वहीत लिहिलं: नाशिक येथे प्रलंबित शून्य, भुसावळ येथे एक. मग पेनाला टोपण लावलं. "प्रकरण एकच आहे. त्यांचं उत्तर येईपर्यंत मला सही करता येणार नाही. तुमची हरकत असेल तर लेखी द्या."

"त्याला परत फोन करून घाई कर," असं शुभदा म्हणाली नाही. ती शिरीष काय करतो ते बघत होती. शिरीषने बंगळूरला कळवलं, की दाखला तीस तारखेला मिळणार नाही, माझ्या भागीदाराचं उत्तर यायचं आहे, ते कधी येईल सांगता येत नाही. भागीदार हा शब्द त्याने दोनदा लिहिला. बंगळूरहून काहीच उत्तर आलं नाही. सहा हजार ब्राउझर गेले असं समजायला हरकत नव्हती, आणि हे आपलं बुडालेलं चौथं ॲप, हे शिरीषने स्वतःच बोटं मोजून शुभदाला सांगितलं.

जूनच्या पाच तारखेला दिगूचा पुन्हा फोन आला.

"हॉल झाला. आता आतल्या दोन खोल्या राहिल्यात."

"काम बरं करतेय ना?"

"करते. पण कोपरे सोडते," दिगू म्हणाला. "सांगितलं की परत करते."

"सांगत जा," शिरीष म्हणाला.