बारावी काच

मल्लप्पाअण्णांनी कधी कुणाला ‘कसं काय?’ असं विचारलं नाही. ते विचारायचे, ‘‘शेजारीपाजारी कसे हाईत?’’ शुक्रवार पेठेत खोली भाड्यानं घ्यायला गेले, तेव्हा खोली न बघता आधी डावीकडच्या आणि उजवीकडच्या घरात चहा पिऊन आले. माझं लग्न ठरलं तेव्हाही, मुलगी कशी आहे ते सोडून, ‘‘तिच्या शेजारणीला भेटलास का?’’ एवढंच विचारलं. मी भेटलो नव्हतो. आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

आम्ही सोलापुरातल्या एकाच दवाखान्यात नोकरीला. मी केसपेपरच्या खिडकीवर, अण्णा मागच्या लॅबमध्ये. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ बाटलीतून त्यांच्याकडे जाई. ते ती मेणात बसवत, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढत आणि रंगवून काचेवर घेत. निदान डॉक्टरांचं. पण प्रत्येक काच अण्णा आधी स्वतः बघत.

शेजाराचं वेड तिथलंच. जेवणाच्या सुट्टीत भाकरी मोडता मोडता सांगत, ‘‘चांगली पेशी शेजारणीला टेकली की थांबती. ही कॅन्सरची थांबत न्हाय, रेटत जाती. पण एकटीच्या जिवावर न्हाय बरं का. रक्ताच्या नळ्या तिच्याकडं फुटतात, तिला खायला घालतात. आजूबाजूच्या काही तिला वाट देतात. काही लढायला येतात, काही नुसती गर्दी करून उभ्या. चोराला सगळेच बघतात की. मी शेजारी बघतो.’’

माझा घास तोंडातच फिरत राही.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. जेऊरहून माझी थोरली बहीण आली. डाव्या स्तनात गाठ. वर्षभर तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सर्जननी गाठ काढली आणि बाटली घेऊन मीच लॅबमध्ये गेलो. टेबलावर ठेवताना म्हणालो, ‘‘अण्णा, आक्काची आहे.’’

त्यांनी मान वर केली नाही. शेजाऱ्यांची चौकशीही केली नाही.

तीन दिवसांनी डॉक्टर म्हणाले, ‘‘साधी गाठ दिसतेय.’’ मी धावत वॉर्डात जाऊन आक्काला सांगितलं. ती पहिल्यांदाच पोटभर जेवली. परत येतो तर अण्णा माझ्या खिडकीशी उभे.

‘‘तिला इतक्यात घरी पाठवू नको. मी अजून काप काढतोय.’’

‘‘डॉक्टर साधी म्हणाले ना?’’

‘‘गाठ साधीच दिसती. पण एका कडेची वस्ती मला पटंना झालीय.’’

पुढचे दोन दिवस मी काय नोंदी केल्या देव जाणे. एका बाळंतिणीच्या केसपेपरवर मी ‘पुरुष’ लिहिलं. लॅबवरून जाताना आतून काप काढायच्या यंत्राचा आवाज येई आणि मला वाटे, हा माणूस आता थांबेल तर बरं.

ते बाराव्या काचेवर थांबले. गाठीची हद्द ओलांडून पेशींची एक बारीक रांग शेजारच्या चरबीत शिरली होती. डॉक्टर बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून बघत राहिले. मग त्यांनी रिपोर्ट बदलला.

मी लॅबमध्ये जाऊन नाही नाही ते बोललो. कशाला शोधलंत, असंही म्हणालो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. ‘‘अजून शिव्या दे,’’ म्हणाले, ‘‘पण दुसरं ऑपरेशन लांबवू नको.’’

आक्काचा स्तन काढला. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. चौथ्या दिवशी, भेटीच्या वेळेला, वॉर्डाच्या दारात अण्णा दिसले. धुतलेलं धोतर, केसांना तेल, हातात चार मोसंबी. बावीस वर्षांच्या नोकरीत ते कधी वॉर्डात आले नव्हते. कुठं उभं राहावं तेही त्यांना कळेना.

‘‘आक्का,’’ ते म्हणाले, ‘‘तुमचं नाव काय?’’

आक्का वळली. ‘‘चंद्रभागा.’’

‘‘मला बाटलीवरचा नंबर तेवढा ठाव हुता.’’ ते स्टुलाच्या कडेवर टेकले. ‘‘बाटली येती, कागद वर जातो. माणसाचं पुढं काय झालं, मला कुणी सांगत न्हाय. मीबी विचारत न्हाय. भ्या वाटतं.’’ मग बराच वेळ मोसंबी सोलत राहिले. ‘‘तुमी जेऊरला गेल्यावर एक कार्ड टाकाल का?’’

‘‘मला कुटं लिवायला येतंय?’’

‘‘लिवू नका. नुसता अंगठा उठवा. ऑपरेशन झालं त्या बाजूच्या हाताचा.’’

तो हात तेव्हा तिला उचलतही नव्हता.

पाच महिन्यांनी लॅबच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. पत्ता भाच्याच्या अक्षरात, मागं निळ्या शाईचा एक अंगठा, बाकी सगळं कोरं. मीच ते नेऊन दिलं. अण्णांनी भिंग काढलं, खिडकीपाशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून कितीतरी वेळ ते कार्ड बघत राहिले.

‘‘चांगला दाबून उठवलाय,’’ ते म्हणाले. ‘‘हातात जोर हाय.’’