टाक-दौतीची रजा

"आई, वरच्या खोलीतल्या टेबलावरचं सामान कुठे गेलं?" देवयानीने जिन्यातूनच विचारलं. विचारता विचारताच ती भराभर पायऱ्या उतरू लागली, कारण खालून उदबत्तीचा वास येत होता.

"पूजेत ठेवलंय," लीलावतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "खंडेनवमी नाही का आज?"

खानझोड्यांच्या कॉव्हेंट्रीच्या घरी खंडेनवमी दरवर्षी होत असे, पण ती देवयानीच्या हातची, म्हणजे आटोपशीर. नवऱ्याचा, गिरीशचा, स्टेथोस्कोप, तिच्या लायब्ररीची किल्ली, वरदाची कंपासपेटी. दोन फुलं वाहायची की अर्ध्या तासात ज्याचं त्याला परत. यंदा मात्र सासूबाई, लीलावतीबाई, नागपूरहून आल्या होत्या, आणि तिथला नियम कडक होता. पूजेत ठेवलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशी, दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत, हात लावायचा नाही. हत्यारानं काम करायचं नाही आणि माणसानंही नाही. सकाळी त्यांनी गाडीच्या किल्ल्याही ताटात ठेवल्या होत्या, त्यामुळे डॉक्टर गिरीश खानझोडे राउंडला बसने गेले होते.

"पण आई, ते सामान आपलं नाहीये! कुराबायाशींचं आहे!"

"माहीत आहे मला, कुराभाऊंचं आहे. पाहुण्यांची हत्यारं वगळून आपली तेवढी मांडायची? बरं दिसतं का ते?"

कुराभाऊ म्हणजे हिसाओ कुराबायाशी. जपानमधले चित्रकथाकार, वय पंचावन्न. देवयानी अर्धवेळ काम करायची त्या लायब्ररीने २००६ सालच्या त्या ऑक्टोबरात चित्रकथांचा महोत्सव भरवला होता आणि कामानिमित्त लंडनला आलेल्या कुराबायाशींना तिथून बोलावून घेतलं होतं. नेमकी त्याच वेळी गावात कसलीशी मोठी कॉन्फरन्स होती, हॉटेलं भरलेली. "आमच्याकडे राहतील की," असं देवयानी बोलून गेली. वरदाने, तिच्या सोळा वर्षांच्या मुलीने, ते ऐकून इतकी मोठी किंकाळी फोडली की शेजारच्या मिसेस हॉजेसनी येऊन दार वाजवलं.

शनिवारी लायब्ररीत त्यांचं भाषण झालं. त्यांना इंग्रजी यायचं, पण ते एकेक शब्द तपासून बाहेर सोडत. सतराव्या वर्षी ते एका मोठ्या चित्रकाराकडे लागले, आणि पहिली दोन वर्षं फक्त पेन्सिलच्या रेघा खोडरबराने पुसल्या. मग तीन वर्षं फक्त ढग काढले. चोविसाव्या वर्षी त्यांची स्वतःची गोष्ट एका साप्ताहिकात सुरू झाली. डोंगरातल्या एका स्टेशनचा स्टेशनमास्तर आणि त्याचं बदक. त्या स्टेशनात दिवसाला एकच गाडी येते. एकतीस वर्षं ती गाडी येतेय, दर आठवड्याला एकोणीस पानं, आणि एकही आठवडा चुकलेला नाही. लग्नाच्या दिवशी त्यांनी पाहुण्यांच्या खोलीत दोन पानं पुरी केली. मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर चार.

"सुट्टीत तुम्ही काय करता?" वरदाने हात वर करून विचारलं होतं. कुराबायाशींनी खूप वेळ विचार केला. मग त्यांनी अतिशय नम्रपणे तिला प्रश्न पुन्हा विचारायला सांगितलं.

आता रविवार होता. सतरा पानं तयार होती, शेवटच्या दोन पानांवर फक्त पेन्सिल होती. ती शाईने पुरी व्हायची होती, सोमवारी सकाळी नऊला कुरियरची व्हॅन दारात यायची होती. व्हॅन चुकली तर अंक चुकला. आणि कुराबायाशी नाश्ता करून मेमोरियल पार्कला अर्ध्या तासाची चक्कर मारायला गेले होते. "हात मोकळा करून येतो," म्हणाले होते.

देवयानी धावत देवघरापाशी आली. देवघर म्हणजे बैठकीतल्या शेल्फचे खालचे दोन कप्पे. पुढे पाट, पाटावर लाल कापड. त्यावर स्टेथोस्कोप, किल्ल्या, लॅपटॉप, मिक्सरचं पातं, आणि मधोमध मानाच्या जागी काळ्या शाईची बाटली, ब्रश, खोडरबराचा चुरा झटकायचं पीस आणि शाईत बुडवून लिहायचे, लाकडी दांडीचे तीन टाक. त्यांच्याखाली एकोणीस पानं. सगळ्यांवर हळदकुंकू, अक्षता, मिसेस हॉजेसच्या कुंपणातली डेलियाची फुलं.

"अगं, मी दार उघडलं, आणि समोर टाक!" लीलावतीबाई पदराला हात पुसत आल्या. चाळीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. "साठ वर्षांनी पाहिला मी टाक. लहानपणी आम्ही असेच ठेवायचो, टाक आणि दौत. मला वाटलं, त्यांनी पूजेसाठीच मांडून ठेवलेत. किती ओळीनं ठेवले होते बघ! असं ओळीनं तर गिरीश शाळेत असतानासुद्धा ठेवत नव्हता."

"आई, त्यांना आज काम आहे."

"आजच्या दिवशी कुणाला काम नसतं."

"पण उद्या सकाळी नऊला—"

"उद्या संध्याकाळी सीमोल्लंघन. त्याआधी नाही." मग आवाज थोडा खाली आणून त्या म्हणाल्या, "हे बघ देवयानी, तुझ्या घरात तू म्हणशील ते. काढ हवं तर. मी आपली तिकडे तोंड करून बसते."

आणि त्या खरंच तिकडे तोंड करून बसल्या. या वाक्यापुढे कुठल्याही सुनेचा हात पाटापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. देवयानीचाही पोचला नाही.

एवढ्यात वरदा खाली आली, पाट पाहिला आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मटकन बसली. "ओ माय गॉड. आजी, तू काय केला! थर्टी वन इयर्स! ही इज गोइंग टू मिस द डेडलाइन, आणि ते आपली घरात!"

"ओरडू नकोस, दिवा लागलाय," आजी म्हणाल्या.

गिरीश बसमधून उतरून दारात शिरतोय तोच त्याला परत पिटाळण्यात आलं. दुसरे टाक विकत आणायचे. चित्रकलेच्या सामानाचं मोठं दुकान बर्मिंगहॅमला होतं, पण गाडीच्या किल्ल्या पाटावर होत्या आणि रविवारची ट्रेन तासाला एक. "मी पोस्टग्रॅज्युएट आहे," असं काहीतरी पुटपुटत तो सिटी सेंटरला पायी गेला. तासाभराने तो सोनेरी रिबन लावलेला एक डबा घेऊन आला.

"वेडिंग इन्व्हिटेशन्स लिहायचा सेट आहे," तो म्हणाला. "एवढंच होतं."

वरदाने त्या टाकाने वहीत बदक काढून पाहिलं. बदकाची चोच फावड्याएवढी आली.

दरम्यान कुराबायाशी परतले होते, आणि त्यांना वर जाऊ द्यायचं नव्हतं. देवयानीने त्यांच्यापुढे शिरा ठेवला. मग पोहे. मग गिरीशच्या मुंजीचा अल्बम. प्रत्येक फोटो ते मान किंचित वाकवून पाहत आणि दर पाच फोटोंनंतर घड्याळाकडे नजर टाकत.

फोन वाजला तो लीलावतीबाईंनी उचलला. टोकियोहून संपादक ओनो होते. ते दर तीन तासांनी फोन करत, शनिवार-रविवारसुद्धा.

"कुराभाऊ ईटिंग," लीलावतीबाई म्हणाल्या. "हं? पेजेस? पेजेस इन पूजा. नो, नो टच. टुडे नो टच." थोडं ऐकून त्या पुढे म्हणाल्या, "तुमचा आवाज फार बसलाय हो. हॉट वॉटर, हळद, सॉल्ट. गार्गल." आणि त्यांनी फोन ठेवला. "भला माणूस आहे. पण फार घाईत असतो."

कुराबायाशींनी अल्बम बंद केला. "ओनो-सान?" त्यांनी विचारलं. ते उठले आणि उदबत्तीच्या वासाच्या दिशेने बैठकीत गेले.

पाटासमोर ते उभे राहिले. मागे ओळीने देवयानी, गिरीश आणि वरदा, शाळेत काच फोडल्यावर उभं राहावं तशी. वरच्या पानावर स्टेशनमास्तर स्टेशनच्या दारात उभा होता, पेन्सिलीतला, अर्धवट, आणि त्याच्या कपाळावर, टोपीच्या बरोबर खाली, कुंकवाचं लालभडक बोट होतं.

"आय ॲम सो सॉरी," देवयानी म्हणाली. मग तिला रडू यायला लागलं म्हणून तिने भराभर सगळं सांगून टाकलं. नवमी, हत्यारं, काम न करणं, सासूबाईंचा टाक, नऊची व्हॅन, बदकाची चोच. "तुम्ही फक्त हो म्हणा, मी आत्ता काढून देते. आई रागावल्या तर रागावल्या."

कुराबायाशी खाली गुडघ्यांवर बसले. बराच वेळ त्यांनी टाकांकडे पाहिलं. मधल्या टाकाची दांडी बोटांच्या जागी झिजून खोलगट झाली होती, तिथेही हळद होती.

"आमच्याकडेसुद्धा आहे," शेवटी ते सावकाश इंग्रजीत म्हणाले. "ब्रश झिजला, संपला, की देवळात नेऊन त्याचे आभार मानतात. पण तो मेल्यावर." त्यांनी पाटाकडे मान वाकवली. "जिवंतपणी त्याला रजा द्यायची, हे आम्हाला सुचलं नव्हतं."

"काय म्हणतायत?" लीलावतीबाईंनी तिकडे तोंड करूनच विचारलं.

"पूजा आवडली म्हणतायत," गिरीश म्हणाला.

"मग? मी काय सांगत होते?"

"आणि ज्याचं हत्यार, तो काय करतो?" कुराबायाशींनी विचारलं.

"काही नाही," देवयानी म्हणाली. "जेवतो. झोपतो."

फोन पुन्हा वाजला. या वेळी तो कुराबायाशींनी घेतला. ते जपानीत फक्त तीन वाक्यं बोलले. पलीकडून आलेला आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला. कुराबायाशींनी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला, आवाज संपेपर्यंत थांबले, फोनला वाकून नमस्कार केला आणि तो खाली ठेवला. मग ते बैठकीतल्या सोफ्यावर आडवे झाले आणि चार तास झोपले. वरदा समोर खुर्चीवर बसून राहिली. "मम्मी," ती एकदा कुजबुजली, "त्यांचा हात बघ ना. अजून हलते." उशीवर ठेवलेली त्यांची तर्जनी झोपेत बारीक बारीक रेघा मारत होती. तीन वाजण्याच्या सुमाराला ती थांबली.

सोमवारी नऊला व्हॅन आली आणि रिकामी गेली. गेली तेव्हा कुराबायाशी खिडकीत चहा पीत उभे होते. आभाळ कोसळतं का, असं त्यांनी एकदा वाकून वर बघितलंही. कॉव्हेंट्रीत होतं तसंच राखाडी होतं.

संध्याकाळी सीमोल्लंघन. गावाची सीमा म्हणून देवयानी दरवर्षी रिंग रोड धरायची, कारण तो ओलांडणं हा एकूणच पराक्रम होता. पाचही जण भुयारी रस्त्याने पलीकडे गेले. आपट्याची पानं नव्हती, म्हणून वरदाने पार्कातली कसली तरी पिवळी पानं आणली होती. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," म्हणत लीलावतीबाईंनी कुराबायाशींच्या हातावर पान ठेवलं. त्यांनी ते पाकिटात, मुलीच्या फोटोमागे ठेवून दिलं.

घरी आल्यावर त्यांनी तीन तासांत दोन्ही पानं पुरी केली आणि पेन्सिल पुसायचं काम वरदाला दिलं. कुंकवाचं बोट पांढऱ्या रंगाने झाकायला ते तयार नव्हते. त्यामुळे छापून आलेल्या काळ्या-पांढऱ्या अंकात स्टेशनमास्तरच्या कपाळावर काळा ठिपका उमटला, आणि तो का, असं विचारणारी इतकी पत्रं आली की पुढचे दोन भाग त्यातच गेले. अंक अर्थात एक आठवडा उशिराचा. त्याआधीच्या अंकात, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, त्या पानांच्या जागी एक चौकट होती. कुराबायाशींनी वरदाला त्याचा अर्थ लिहून पाठवला: 'लेखकाची लेखणी पूजेत आहे.'

पुढच्या वर्षी लीलावतीबाई नागपूरलाच होत्या. खंडेनवमीच्या दोन दिवस आधी टोकियोहून एक खोकं आलं. वर कुराबायाशींचा टाक. त्याच्या खाली, कापसात गुंडाळून, प्रत्येकाच्या दांडीला नावाची चिठ्ठी बांधलेले आणखी अकरा टाक, आणि पत्र. 'हे माझे व्यवसायबंधू. टाक हाताशी असला की हात थांबत नाही, म्हणून तुमच्याकडे पाठवत आहे. त्रास होणार नसेल तर पूजेत ठेवावेत. परत पाठवायला साध्या पोस्टाने चालेल. घाई नाही.'

देवयानीने या वर्षी अर्ध्या तासात आटपायचं ठरवलं होतं. तिने एकदा बारा टाकांकडे पाहिलं, एकदा फोनकडे, आणि सासूबाईंचा पाट माळ्यावरून खाली काढला.

नवमीला दुपारी फोन आलाच.

"मी ओनो," पलीकडून आवाज आला. तो अजून बसलेलाच होता. "मॅडम, आमचा पुढचा अख्खा अंक नुसत्या 'लेखणी पूजेत आहे'च्या चौकटींचा निघेल. मी हात जोडतो. ते टाक—"

"मांडलेल्या पूजेला हात लावत नाहीत," देवयानी म्हणाली, आणि आपल्या तोंडून नागपूरचा सूर निघालेला ऐकून तिची तीच दचकली.

देवयानीला वाटलं, लाइन कटली.

"मॅडम," ओनो हळू आवाजात म्हणाले, "माझ्याकडे टाक नाही. ब्रश नाही. सव्वीस वर्षं मी फक्त टेलिफोनवर काम करतो. टेलिफोनची पूजा होते का?"

"होते की!" देवयानी म्हणाली. "हळदकुंकू नसेल तर नुसतं फूल वाहा. आणि उद्या संध्याकाळपर्यंत उचलू नका."

"कुणाचाही आला तरी?"

"कुणाचाही."

ओनोंनी निरोपसुद्धा घेतला नाही. फोन आधीच खाली ठेवलेला होता.