सहा प्लंजर आणि एक सासरा

ट्राँबोनला, म्हणजे त्या लांब नळीच्या पितळी वाद्याला, बोलायला लावणारा माणूस आख्ख्या ओमाहा शहरात एकच होता, आणि तो म्हणजे मी, फ्लॉइड टेनब्रूक! ही बढाई नाही, वस्तुस्थिती आहे. माझा ट्राँबोन हसायचा, रडायचा, शेजारणीसारखा टोमणे मारायचा. मी सोलोला, म्हणजे एकट्याने वाजवायला, उभा राहिलो की जोडपी नाच सोडून स्टेजपाशी गोळा व्हायची.

ह्यातलं गुपित तुम्हाला सांगायला हरकत नाही. मोरी तुंबली की दांड्याला रबरी वाटी लावलेलं जे हत्यार आपण घुसळतो ना, प्लंजर, तो आणायचा. कोरा, बरं का! दांडा फिरवून काढून टाकायचा आणि ती वाटी ट्राँबोनच्या तोंडावर उघडझाप करायची. वाऽ-वा! वाऽ-वा! झाला ट्राँबोन बोलता! स्विंग संगीताच्या त्या दिवसांत निम्मे ट्राँबोनवाले न्हाणीघरातल्या ह्याच हत्यारावर पोट भरत होते, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आमच्या बँडचे मालक डेल्बर्ट क्विग्ली. ह्यांना एकही वाद्य वाजवता येत नव्हतं, पण पांढरा कोट घालून हातातली काडी अशी झोकात फिरवायचे की सगळं संगीत तिच्यातूनच बाहेर पडतंय असं वाटावं! ह्या क्विग्लींनी एक दिवस जाहीर केलं, "पोरांनो, शनिवारी प्रेअरी क्राउन हॉटेलातून आपला बँड थेट रेडिओवर! फ्लॉइड, मधला सोलो तुझा."

मी मनात लगेच लग्नाचा सूट शिवायला टाकला.

कारण माझं लग्न अडलं होतं ते लिडाच्या बाबांपायी. लिडा वावरा गोड मुलगी, पण बाबांच्या शब्दाबाहेर जायची नाही. आणि तिचे बाबा अँटन वावरा म्हणजे दक्षिण ओमाहातले नामांकित प्लंबर. मनगट असं की हात मिळवल्यावर मला दोन दिवस ट्राँबोन धरवत नसे. बँडवाल्यांबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "दिवसा झोपतात, रात्री शिट्ट्या वाजवतात. असल्याला मी मांजरसुद्धा देणार नाही!"

लिडाने मला निर्वाणीचं सांगितलं होतं. "रविवारी जेवायला ये आणि सरळ विचार. बाबा नाही म्हणाले तर आपला विषय संपला, फ्लॉइड. मी त्यांना सोडून पळून येणारी नाही."

माझा बेत तयार होता. शनिवारी रेडिओवर माझा सोलो ऐकून म्हातारा विरघळणार, रविवारी मी विचारणार! ह्या बेतात खोट कुठे आहे, तुम्हीच सांगा. मला तरी दिसली नव्हती.

तर रेडिओसाठी क्विग्लींनी पितळी वाद्यवाल्या सहाही जणांना नवे प्लंजर मंजूर केले. निवडायचं काम अर्थातच माझ्याकडे. मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. प्लंजर निवडणं म्हणजे कलिंगड निवडण्यासारखं आहे. मी एकेक उचलून कानाशी वाजवत होतो, रबर चिमटीत दाबून बघत होतो, तोंडासमोर धरून हळूच "वाऽ-वा" म्हणत होतो. एवढ्यात पाठीवर एक हात पडला. माझा खांदा जागचा हलला, त्यावरून हात कुणाचा ते कळलं.

"काय रे पोरा," वावरा म्हणाले, "प्लंजर घेतोयस?"

"हो, मिस्टर वावरा."

"सहा?"

"सहा जण आहोत. मोठं काम आहे. शनिवारी, प्रेअरी क्राउनमध्ये."

"प्रेअरी क्राउन!" त्यांच्या मिशा थरारल्या. "तिथलं काम मला जन्मात मिळालं नाही! आणि मुख्य माणूस कोण?"

"मीच. मधलं अवघड काम माझ्याकडे असतं. बाकीचे बसून असतात, मी उभा राहतो."

"बरोबर आहे. बसून जोर लागत नाही," वावरांनी मान डोलावली. मग त्यांनी माझ्या हातातला प्लंजर घेतला, दाबला, मला परत दिला. त्यांचे डोळे चक्क पाणावले! "इतकी वर्षं धंद्यात आहे मी, पण प्लंजर असा पारखून घेणारा माणूस बघितला नव्हता. म्हणजे ते शिट्ट्या वाजवणं सोडलंस तू! लिडासाठी?"

वाचकहो, ह्या क्षणी सभ्य माणसाने काय बोलायला हवं ते मला ठाऊक आहे. पण वावरांनी मला तिथेच छातीशी धरलं होतं आणि माझं नाक त्यांच्या खिशातल्या पान्यावर दाबलं गेलं होतं. मी "म्म्म" एवढंच म्हणू शकलो.

"रविवारी जेवायला ये," ते म्हणाले. "बदक भाजू. बाकीचं बोलणं झालंच म्हणून समज!"

संध्याकाळी लिडा भेटली ती कमरेवर हात ठेवूनच.

"फ्लॉइड, बाबा घरात गाणं म्हणतायत! मी दहा वर्षांची असल्यापासून ते गायलेले नाहीत. तुझ्यासाठी स्वतः कोलाची, त्या फळं भरलेल्या गोड पावट्या, भाजून घेतल्यात. काय सांगितलंस तू त्यांना?"

"एक अक्षर खोटं बोललो नाही!"

"मग खरं काय बोललास?"

मी सांगितलं. ती मटकन बाकावर बसली.

"आत्ताच्या आत्ता जाऊन खरं सांग."

"अगं, रेडिओच सांगेल! शनिवारी तू फक्त रेडिओ लाव आणि त्यांना समोर बसव. सोलो ऐकला की राग येईल तसाच विरेल."

"आणि नाही विरला तर?"

"लिडा, माझा ट्राँबोन ऐकून आजवर कुणाचा राग टिकलाय का?"

तिने कपाळाला हात लावला. कोलाची मात्र दिल्या. जर्दाळूच्या होत्या. फारच छान होत्या.

शनिवार उजाडला. संध्याकाळी हॉटेलचा नाचाचा दिवाणखाना गच्च भरला. मधोमध खांबासारखा मायक्रोफोन. रेडिओचा माणूस कानाला यंत्र लावून घामाघूम. "एकच लक्षात ठेवा," तो क्विग्लींना म्हणाला, "लाल दिवा लागला की काय वाटेल ते होऊ दे, शांतता नको! रेडिओवर शांतता म्हणजे मरण!"

तेवढ्यात मला फोन आला. लिडा!

"फ्लॉइड, बाबा तिकडे निघालेत! हत्यारांची पेटी घेऊन! म्हणतात, पोराचं पहिलं मोठं काम आहे, हाताशी जाणता माणूस हवा!"

माझ्या हातून फोन गळाला. मी वाद्यांच्या खोलीकडे धावलो. ट्राँबोन होता. ट्रंपेट होते. प्लंजर नव्हते! सहाच्या सहा गायब!

झालं होतं असं. हॉटेलच्या स्वयंपाकघरातली मोरी दुपारपासून खरोखरच तुंबली होती आणि मॅनेजर प्लंबरची वाट बघत होता. दारात पेटीवाले वावरा दिसताच त्याने देव भेटल्यासारखे त्यांचे हात धरले. वावरांनी विचारलं, "आमचा फ्लॉइड कुठे आहे?" मॅनेजरने बोट दाखवलं, "फ्लॉइडचं सामान त्या खोलीत आहे." आत जाऊन बघतात तर काय, सहा कोरे प्लंजर, आणि एकालाही दांडा नाही!

"हलकटांनो!" वावरा गरजले म्हणे. "गरीब पोराच्या हत्यारांचे दांडे मोडले!"

आणि ते प्लंजर बगलेत मारून मोरीकडे गेले.

इकडे आमच्यात हलकल्लोळ. क्विग्लींनी काडी टाकून माझा कोट धरला. "फ्लॉइड, बाबा रे, रेडिओवर जाहीर झालंय, बोलता ट्राँबोन! न बोलणारा ट्राँबोन घेऊन मी काय करू?" कुणी टोपी आणली, कुणी पुडिंगची वाटी आणली. वाटीतलं पुडिंग काढायला कुणाला सुचलं नव्हतं. मी ती ट्राँबोनला लावली, आणि पुढे पंधरवडाभर माझ्या वाद्याला व्हॅनिलाचा वास येत होता.

"एक मिनिट!" रेडिओवाला ओरडला.

मी स्वयंपाकघराकडे धूम ठोकली. दारातच वावरा भेटले. चेहरा प्रसन्न, बाह्या कोपरापर्यंत वर, आणि हातात सहा प्लंजर, सहांना लांबलचक नवे दांडे! झाडूंचे दांडे कापून, खिळे मारून त्यांनी ते असे पक्के केले होते की ज्याचं नाव ते.

"घे पोरा! आता हत्तीने ओढले तरी निघायचे नाहीत. मोरीचं काम मी केलंय, तू ते मधलं अवघड काम बघ. कुठे आहे?"

"वरच आहे," मी म्हणालो, प्लंजर हिसकावले आणि पळालो. सहांपैकी एक वापरलेला होता. कुणाच्या वाट्याला आला ते विचारू नका. तोंडाशी आणल्याबरोबर मला कळलं!

लाल दिवा लागला. क्विग्लींनी काडी उगारली आणि बँड सुटला! काय सांगू, पहिली दोन मिनिटं स्वर्ग होता. फक्त दांडे आडवे येत होते. ट्रंपेटवाल्या एडीचा दांडा ढोलकऱ्याच्या कानात गेला, माझा क्विग्लींच्या कोटाच्या शेपटीत अडकला. पण रेडिओवर दांडे दिसत नाहीत! मी सोलोला उभा राहिलो. एका हाताने ट्राँबोन, दुसऱ्याने दांडा. वाऽ-वा! माझा ट्राँबोन बोलला!

आणि दिवाणखान्याच्या दारातून दुसरा आवाज आला.

"फ्लॉइड!"

वावरा. ओल्या बाह्या, हातात पाना. गर्दी दुभंगली. माझा बँडचा पांढरा कोट, माझा ट्राँबोन, त्याच्या तोंडावर त्यांनी खिळे मारलेला प्लंजर, सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं. त्यांचा चेहरा पडला हो! राग नंतर आला, आधी चेहरा पडला. मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

मग राग आला. ते सरळ स्टेजवर चढले.

"शिट्ट्याच वाजवतोयस!"

मायक्रोफोन आमच्या दोघांच्या बरोबर मधे होता. रेडिओवाला हातवारे करत होता, थांबू नका, थांबू नका! मी फुंकत राहिलो. वावरांनी दांडा धरून ओढला. मी वाटी परत दाबली. त्यांनी पुन्हा ओढला. आणि वाचकहो, माझ्या ट्राँबोनमधून असा एक "वाऽऽऽऊ-वा" बाहेर पडला की तसा माझ्याकडून जन्मात निघाला नव्हता!

"खोटारडा!" वावरा ओरडले आणि हिसडा दिला.

"वाऽऊ-वा," ट्राँबोन म्हणाला.

"मला फसवलंस!"

"वूऽऽ," ट्राँबोन कळवळला.

"मुलगी देणार नाही!"

"वाऽ-वा-वा-वाऽऽ!" ट्राँबोनने अक्षरशः हंबरडा फोडला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते खरं होतं!

लोक हसून हसून एकमेकांच्या गळ्यात पडले. एक बाई खुर्चीवरून घसरली. वावरांना वाटलं, लोक त्यांच्या बाजूने आहेत. त्यांना आणखी चेव आला. ते जितकं ओरडत तितकं ओढत, आणि ओढण्यात ठेका येत गेला. मोऱ्या घुसळून घुसळून तयार झालेलं मनगट ते! मागे ढोलकऱ्याने ताल धरला, क्विग्लींनी डोळे मिटून काडी फिरवली, आणि शेवटचा सूर विरला तेव्हा टाळ्यांनी झुंबरं हलली.

वावरांनी दचकून समोर पाहिलं. लोक उभे होते. त्यांनी हळूच टोपी काढली आणि मान लववली. मग दुसऱ्या बाजूलाही लववली. तिसऱ्यांदा लववली तेव्हाच मला धोका कळायला हवा होता.

हॉटेलचे फोन खणखणू लागले. रेडिओवाल्याला हाच कार्यक्रम दर शनिवारी हवा होता. क्विग्ली वावरांचा हात धरून म्हणाले, "साहेब, हे मनगट मोरीत घालवू नका!"

"हं," वावरा म्हणाले. "कोट पांढराच मिळतो का?"

दुसऱ्या दिवशी मी बदकावर ताव मारायला मोठ्या उमेदीने गेलो. वावरा नवा कोट घालूनच जेवायला बसले होते.

"मिस्टर वावरा," मी म्हणालो, "कालचं सगळं विसरा. आता आपण एकाच बँडमध्ये! मग लिडाचं..."

"अजिबात नाही!" त्यांनी काटा आपटला. "काल कार्यक्रमानंतर त्या लोकांबरोबर बसलो होतो मी. पत्ते काय, दारू काय, बोलणं काय! पहाटेपर्यंत! मी दुपारी उठलो! मी स्वतः बँडवाला आहे पोरा, ही माणसं कसली असतात ते मला विचार! मुलगी देईन तर प्लंबरलाच देईन."

लिडाने माझ्याकडे पाहिलं. मी बदकाकडे पाहिलं.

"दुकान रिकामंच पडणार आहे आता," वावरा खिशातून किल्ली काढत म्हणाले. "प्लंजर बाकी तू पारखून घेतोस."

लग्न थाटात झालं. सासऱ्यांना यायला थोडा उशीर झाला, झोपले होते. माझा ट्राँबोन आता एडीचा भाऊ फुंकतो, दांडा सासरे ओढतात. फार रंगतं म्हणे. लिडा दर शनिवारी नवा फ्रॉक घालून प्रेअरी क्राउनला नाचायला जाते. मलाही बोलावते, मनापासून बोलावते, पण जमत नाही हो. ह्या गावातल्या झाडून साऱ्या मोऱ्या नेमक्या शनिवारी संध्याकाळीच तुंबतात!