म्हात्रे काकांचा सुमोशी तंटा

म्हात्रे काका कोथिंबिरीची जुडीसुद्धा श्वास रोखून उचलतात.

कल्याणच्या मंडईत मी हे स्वतः पाहिलंय. भाजीवालीच्या टोपल्यांपुढे ते आधी नीट उभे राहतात, पायांत खांद्याइतकं अंतर. मग छाती पुढे, बूड मागे, पोटात हवा. सरळ पाठीने खाली जायचं, जुडी धरायची आणि तसंच वर यायचं. वर आल्यावरही क्षणभर ताठ. जणू समोर पंच बसलेत आणि त्यांनी हात खाली केल्याशिवाय जुडी पिशवीत टाकता येणार नाही. भाजीवाली सरावलीय. तेवढ्यात ती दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिरच्या तोलून देते.

लग्नकार्यात थोरांच्या पाया पडतानाही हाच प्रकार. एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी घाबरून पाय मागे घेतलेले. त्यांना वाटलं, हा आता आपल्याला उचलतोय.

माझी आणि काकांची ओळख जिममधली. चाळिशी उलटल्यावर माझ्या हाडांचे रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, चालणं पुरे, आता वजनं उचला. मी नौपाड्यात एका ऑफिसात हिशेब बघते, राहते कल्याणला. घराजवळ, शहाडच्या बाजूला, एका इमारतीच्या तळमजल्यावर जिम होती, तिथे नाव घातलं. पहिल्याच सकाळी खाली ठेवलेली पाण्याची बाटली घ्यायला वाकले, तर मागून आवाज आला, "ताई! पाठ हाय का धनुष्य?"

वळून बघते तर साठीचा एक गृहस्थ. मांड्या खांबासारख्या, गळ्यातली सोन्याची साखळी काढून बाकावर रुमालात ठेवलेली, पकड घसरू नये म्हणून तळहातांना खडू फासलेला. मी नमस्कार केला तर त्यांनी माझा हातच हातात घेतला, अंगठा दाबून बघितला आणि म्हणाले, "कच्चा हाय. होईल."

काका मूळचे इथलेच. आगरी. पूर्वी शेती होती, त्याआधीच्या पिढीने खाडीकाठी मिठागरात मीठ ओढलं. आता त्या शेतावर इमारती आहेत आणि त्यातल्या एकीत आमची जिम. म्हणजे जिम चालवणारा निलेश काकांचा भाडेकरू. त्यामुळे 'काका, जरा हळू बोला' हे वाक्य तो गेली काही वर्षं फक्त मनात म्हणतो.

आणि काका हळू बोलत नाहीत. विशेषतः सुमोबद्दल.

मला सुमो म्हणजे वऱ्हाडाची गाडी एवढंच ठाऊक होतं. काकांनी पहिल्याच आठवड्यात ज्ञान दिलं. जमिनीवर लोखंडी दांडी, दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेटा. ती धरून सरळ उभं राहायचं, याला डेडलिफ्ट म्हणतात. आता हे करायच्या दोन रीती. एक साधी: पाय जवळ, हात पायांच्या बाहेरून. दुसरी सुमो: पाय फाकवून पार प्लेटांपर्यंत न्यायचे आणि हात आतून. सुमोत माणूस मुळातच खाली बसल्यासारखा असतो, म्हणून दांडी कमी उंच न्यावी लागते.

"म्हणजे चोरी," काका म्हणाले. "अंतर कमी करायचं तर पलंगावर ठेवून उचल ना! जमिनीला कशाला त्रास?"

स्पर्धेच्या नियमांत दोन्ही रीती चालतात, हे त्यांना माहीत होतं. पण नियम करणाऱ्यांनी मिठागर बघितलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. "माझ्या आयशीनं जन्मभर मिठाच्या पाट्या उचलल्या. कवा पाय फाकवले नाय तिनं. पाय जवळ, पाठ सरळ, एका दमात वर."

"आणि मग पाटी डोक्यावर," पलीकडून आवाज आला. "तू घेतोस का रे दांडी डोक्यावर?"

हे जाधव सर. मोहन्याला राहतात. कल्याणच्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. किडकिडीत, चष्मा दोरीने मानेला बांधलेला, आणि सुमोचे कट्टर पुरस्कर्ते. बोलणं असं स्वच्छ, की शेवटच्या बाकावरच्यालाही ऐकू यावं. लोकांना ते 'तरफ म्हणजे काय' पासून समजावत. "माझी मांडी लांब, हात आखूड. पाय जवळ घेतले तर माझी पाठ आडवी होते. रुंद घेतले तर उभी राहते. निसर्गाने दिलेल्या मापात माणसाने उभं राहावं. यात चोरी कुठे आली, म्हात्रे?"

"मास्तर, मापाचं नको सांगू. जिद्दीचं सांग."

"चूक. जिद्दीला एकक नाही."

हे दोघं वर्षानुवर्षं एकाच वेळी जिमला यायचे, एकाच दांडीवर आळीपाळीने उचलायचे आणि मधल्या वेळात भांडायचे. सुमो संपलं की पकडीवर. काका अंगठा दांडीला लावून वरून बोटांनी दाबत. अंगठा काळानिळा पडे, पण दांडी सुटत नसे. सर एक पंजा आत आणि एक बाहेर वळवून धरत. काका म्हणायचे, "एक हात असा, एक तसा. हे तर हात दाखवून अवलक्षण!" सर म्हणायचे, "तुझा अंगठा बघ आधी. जांभूळ झालंय." फक्त मनगटाला पट्टे बांधून वजन उचलणारी पोरं दिसली की दोघांची युती होई आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ओरडा यायचा, "पट्टे सोड!"

काकांच्या मुलीच्या हळदीला तर कमाल झाली. आगऱ्यांची हळद म्हणजे सगळा गाव, बेंजो आणि जेवणाच्या पंगती. त्यात हे दोघं स्वयंपाकाच्या मांडवामागे सापडले. वाद पुन्हा तोच, या वेळी तांदळाच्या गोणीवरून. काकांनी गोणी पाय जवळ घेऊन उचलायला बघितली, तर गोणीचं पोट गुडघ्यांना अडलं. सरांनी झब्बा वर खोचला, पाय फाकवले, गोणी दोन पायांच्या मधे घेतली आणि शांतपणे उभे राहिले. आचाऱ्याने टाळ्या वाजवल्या. पाव्हण्यांचे दोन तट पडले. नवरी हळदीच्या अंगाने उठून आली. काकू दोन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या, त्यामुळे दटावायचं कामही तिच्यावरच आलेलं. "पप्पा, आज तरी!" ती म्हणाली.

"भात उचलला त्यानं," काका पुटपुटले, "लोखंड नाय."

मुलगी लग्न होऊन परदेशी गेली. त्यानंतर काका जिममध्ये जरा जास्तच वेळ थांबायला लागले. सरही थांबत.

गेल्या हिवाळ्यात सरांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. म्हणजे समजायचं सगळं. शब्द मात्र तोंडापर्यंत यायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, बोलायचा सराव करत राहा, परत येईल. पण सर बोलायलाच तयार नव्हते. 'क' काढायला गेलं आणि भलतंच काही बाहेर पडलं, की ते ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड करत. भेटायला आलेल्यांशी नाही, बायकोशीही नाही. ही सगळी बातमी निलेशने सांगितली. बरेच दिवस काका यायचे, साखळी रुमालात ठेवायचे, उचलायचे, निघून जायचे. जिम इतकी शांत झाली की निलेशलाच करमेना.

मग एका सकाळी मी आत आले आणि बघतच राहिले. कोपऱ्यात, आरशाकडे पाठ करून, काका पाय फाकवून उभे होते. सुमो!

दांडीवर वजन नावापुरतं, तरी धड जमत नव्हतं. गुडघे आत पडत होते, बूड आधी वर जात होतं. मला बघून ते चोरी पकडल्यासारखे थांबले. मग मोबाइल पुढे केला. "ताई, जरा व्हिडिओ काढा. पाय दिसले पायजेत. आणि निलेशला नका सांगू."

"काका, तुम्ही आणि सुमो?"

"काढा तुम्ही."

मी काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज काहीतरी चुकलेलं असायचं आणि रोज ते व्हिडिओ बघून समाधानाने मान हलवायचे. वयाचा परिणाम असावा, असं मला वाटायला लागलेलं. शेवटी न राहवून विचारलं, तर म्हणाले, "रविवारी येता का मोहन्याला? रोज जातो मी मास्तरकडं. बघा मग."

सरांचं घर दुसऱ्या मजल्यावर. दारात बुद्धांची तसबीर, आत पुस्तकांची कपाटं, खिडकीशी खुर्ची. सर खुर्चीत होते. मला बघून डावा हात जरा उचलला आणि नजर खिडकीबाहेर नेली. वहिनींनी चहा ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर दमणूक होती, पण काका आत आले तशी त्यांनी स्वयंपाकघरातून एक खुर्ची आणून मुद्दाम सरांच्या अगदी समोर ठेवली.

काकांनी ना तब्येत विचारली, ना औषधं. मोबाइल काढला आणि सरांच्या नाकासमोर धरला.

"बघ मास्तर. तुझी सुमो. लय सोपी हाय. मी एका आठवड्यात शिकलो."

सरांनी एक नजर टाकली आणि तोंड फिरवलं.

"बघ ना. गुडघे कसे आत घेतले. अशीच करतात ना?"

सरांची मान हळूच परत वळली. कपाळावर आठी पडली. काकांनी व्हिडिओ पुन्हा लावला. मग पुन्हा. सरांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायला लागला. ओठ हलले.

"गु..."

"काय?"

"गु... गुड..."

"गुड? म्हणजे चांगलं जमलं? बघा ताई, मास्तर बोलला गुड!"

सर संतापाने लाल झाले. डाव्या हाताने त्यांनी मोबाइल बाजूला ढकलला, पुढे झुकून काकांचा गुडघा धरला आणि खस्सकन बाहेर ओढला. "गुडघे! बा... बा... बाहेर!"

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. काका मात्र निर्विकार. "असं होय? मग आधी नाय का सांगायचं? बरं, आता पकड बघ. दोन्ही हात कसे धरलेत..."

तासभर हे चाललं. सर घामाघूम झाले. शब्द अडत होते, तुटत होते, एकदा 'खांदे'च्या जागी 'कांदे' आलं. पण भिंतीकडे तोंड नाही केलं. निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या. काकांना म्हणाल्या, "भाऊजी, सकाळपासून घड्याळ बघत असतात. तुम्ही यायच्या आधी केस विंचरून घेतात माझ्याकडून."

काका भराभर जिना उतरले.

खाली गाडीत बसल्यावर ते लगेच चावी फिरवेनात. म्हणाले, "ताई, या गावात मना सगळे शेठ बोलतात. बिल्डर शेठ बोलतो, दलाल शेठ बोलतो, निलेश भाडं वेळेवर दिलं तरी हात जोडून उभा. मी सूर्य रात्री उगवतो बोललो तरी हो बोलतील. ही गेली तवापासून घरातबी कोण नाय." थोडं थांबून म्हणाले, "म्हात्रे, चूक, असं बोलणारा एकच हाय. तो गप बसला तर मी कोणाला विचारू, बरोबर हाय का नाय?"

त्यांनी खिशातला चष्मा काढून पुसला, घातला आणि गाडी सुरू केली.

पुढे एक नवीच अडचण आली. रोजच्या सरावाने काकांची सुमो सुधारायला लागली. सर दिवसा शिकवत आणि काकांचं शरीर सकाळी ऐकत होतं. गुडघे आपोआप बाहेर जायचे, पाठ उभी राहायची. एका सकाळी मी व्हिडिओ काढून दाखवला तर काका चिंतेत पडले.

"ह्यात तर कायच चुकलं नाय."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं काय? मास्तर बघेल, मान हलवेल आणि गप बसेल. अजून त्याचे सुटे सुटेच शब्द येतात. पुरतं वाक्य नाय आलेलं." मग खाली बसून गंभीरपणे म्हणाले, "ताई, तुम्ही शिकलेल्या. आज काय चुकवू?"

आम्ही दोघांनी बराच विचार केला. श्वास आधीच सोडून बघितला, मान छताकडे केली, पण काकांच्या मते हे सगळं आधी होऊन गेलेलं. शेवटी मी म्हटलं, "चपला घालून उचला." जिममध्ये डेडलिफ्ट चपला घालून कुणी करत नाही, पाय घसरतो. काकांचा चेहरा उजळला. बाहेर जाऊन त्यांनी आपल्या चामडी चपला घातल्या, फटाक फटाक करत आत आले आणि निलेशच्या डोळ्यांदेखत, साऱ्या जिमसमोर, मोठ्या थाटात सुमो मारली.

दुपारी ऑफिसात होते, तेव्हा त्यांचा फोन आला.

"ताई, आलं."

"काय आलं, काका?"

"वाक्य. पुरतं. मधे थांबला, पण आलं." त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "व्हिडिओ बघितला, माझ्याकडं बघितलं आणि बोलला, 'म्हात्रे, चपला वर्गाबाहेर काढून ये.'"

माझ्या टेबलाशी कुणीतरी कागद घेऊन उभं होतं. मी त्याला हातानेच थांब म्हटलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय बोलणार," काका म्हणाले. "होय मास्तर, बोललो."

फोन त्यांनी ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.