लढाऊ सुपली

यवतचे मंडपवाले मामा एकदा सुदृढ बालक स्पर्धेत उतरले होते. बालक उसनं होतं. परीक्षकांनी वजन करायला उचललं तसं ते समोर बसलेल्या खऱ्या आईकडे हात पसरून रडायला लागलं आणि मामा बाद झाले. बाहेर येऊन ते शांतपणे म्हणाले, "वजनात पैला हुता. रडण्यात गेला."

पंचक्रोशीत कुठेही, कसलीही स्पर्धा जाहीर झाली की मामांचं एकच वाक्य असतं : "आपण हाय की." पाककृती स्पर्धेत ते होते. रांगोळीत होते. सावकाश सायकल चालवण्यात तर दरवर्षी असतात. एकदा राहू गावी महिला मेळाव्यात धान्य पाखडण्याची स्पर्धा होती. तिथे आयोजक बाईंनी अडवलं तेव्हा मामा म्हणाले, "ताई, मंडप माझा हाय. मंडपात कोण बसणार ते मला इचारायला पायजे." त्यांना बसू दिलं. त्यात त्यांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

उत्तेजनार्थ हेच त्यांचं कायमचं ठिकाण. त्यांच्या घरी चहा उत्तेजनार्थ मिळालेल्या कपात येतो आणि चिवडा उत्तेजनार्थ वाटीत. पहिला नंबर त्यांच्या घराचा उंबरा ओलांडून कधी आत आला नाही. याचं त्यांना वाईट वाटतं की नाही हे कळायला मार्ग नव्हता, कारण हरल्यावर ते लगेच खुर्च्या गोळा करायला लागायचे.

गावातली निम्मी लग्नं मामांच्या मंडपात लागली. स्वतःचं लागायचं राहून गेलं. आई होती तोवर घरात दोन माणसं होती. आता एक माणूस, पाचशे खुर्च्या आणि एक टेम्पो आहे. आमचं घर त्यांच्या गोदामाला लागून. त्यामुळे मला ते भाचेबाई म्हणतात आणि भिंतीवरून हाका मारतात.

गेल्या हिवाळ्यात ते शिरूरला एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या महोत्सवाचं मंडपाचं काम ठरवायला गेले. काम मिळालं नाही. येताना स्पर्धेत भाग घेऊन आले.

"रोबोटची झुंज हाय," त्यांनी भिंतीवरून सांगितलं. "पंधरा किलोचा गट. कुणीबी उतरा म्हणाले. दोन माणसं लागत्यात. म्या तुला घेतली."

मी चळवळीच्या, पत्रकांच्या घरात वाढले. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याआधी पत्रक मिळायचं. तेव्हा मी गप्प बसणं शक्य नव्हतं. माणसांनी कष्टाने बनवलेली यंत्रं एकमेकांना कापतात आणि लोक त्यावर टाळ्या वाजवतात, ही कसली करमणूक? ज्या हातांना जोडता येतं त्यांना तोडायला शिकवणारं हे शिक्षण कुणाच्या फायद्याचं? मी पुष्कळ बोलले. मामा भिंतीला हनुवटी टेकवून ऐकत होते.

"झालं?" ते म्हणाले. "मंग कापायचं न्हाई."

"मग काय करायचं?"

"पाखडायचं."

आणि ते खरंच कामाला लागले. मोडक्या खुर्च्यांच्या पाइपांचा सांगाडा केला. लहान मुलांच्या बॅटरीवरच्या जीपची चाकं, मोटारी आणि रिमोट आला. फवारणीच्या पंपाची बॅटरी बसली. पंगतीची एक मोठी परात कापून तिचं सूप पुढे लावलं आणि ते वरखाली हलवायला टेम्पोच्या वायपरची मोटार काढली. "आणि पाऊस आला तर?" मी विचारलं. "पाऊस जूनमदी हाय. झुंज जानेवारीत हाय," असं उत्तर आलं. यंत्राला त्यांनी सुपली म्हणायला सुरुवात केली.

कल्पना अशी होती की सुपलीने समोरच्याच्या खाली शिरायचं, त्याला सारखं उडवत राहायचं आणि पुढे भिरकावून द्यायचं. हवेतल्या यंत्राची चाकं काय कामाची? चाचणीसाठी वरणाच्या पातेल्यात विटा भरून ठेवल्या. मामांनी बटण दाबलं. सुपली पातेल्याखाली शिरली. पातेलं उडालं, पण पुढे जायच्या ऐवजी मागे मागे सरकत सुपलीच्याच पोटाशी येऊन बसलं आणि तिथेच टणाटण उडत राहिलं.

मामांनी डोक्याला हात लावला. "आगं, म्या सुपाला धान्याचा उतार दिला."

पाखडताना फोलपट पुढे उडून जातं आणि जड दाणा पाखडणाऱ्याकडे मागे येतो. मामांचे हात मेळाव्यात जे शिकले तेच त्यांनी परातीला शिकवलं होतं. शत्रूला बाहेर फेकायचं सोडून सुपली त्याला निवडून जवळ घेत होती.

मी म्हटलं, "उतार बदला."

मामांनी वाकून ते उडणारं पातेलं नीट पाहिलं. मग म्हणाले, "कशाला? जवळ आलाय तर असू दे. ह्येला घिऊन जाऊ कुठं जायचं तिथं."

स्पर्धेच्या दिवशी आम्ही टेम्पोने निघालो. राहूपासून उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मागे न्हावऱ्यापर्यंत आलो आणि शिरूरला पोहोचेपर्यंत मामा एक शब्द बोलले नाहीत. हे नवीन होतं. घोडनदी दिसल्यावर त्यांनी घसा साफ केला. "भाचेबाई, ह्या टायमाला कपबशी नगं बरं का. पैला पायजे." ते रस्त्याकडे बघत बोलले. एवढी वर्षं हा माणूस हौस म्हणून हरत असावा असं मला वाटायचं. तसं नव्हतं.

आखाड्याला चारही बाजूंनी जाड पारदर्शक भिंती होत्या आणि एका कोपऱ्यात खड्डा. त्यात पडला तो हरला. बाकीच्यांच्या यंत्रांना करवती होत्या, हातोडे होते, नावं ऐकूनच घाम फुटावा अशी होती. सुपली टेबलावर ठेवली तेव्हा शेजारच्या संघातला एक मुलगा म्हणाला, "काका, तांदूळ निवडायला आणलाय का?"

"खडं निवडायला," मामा म्हणाले.

पहिलं यंत्र सुपलीत आलं आणि उडता उडता त्याची वायर निसटली. दुसरं स्वतःच्याच हातोड्याने उलटं झालं, सुपलीने फक्त ते खड्ड्यापर्यंत पोहोचवलं. लोक आधी हसत होते. मग हसणं बंद करून जवळ सरकले.

अंतिम फेरीत समोर कर्दनकाळ आला. पुढे पोलादी चकती, फिरायला लागली की भिंतीपलीकडून कानात शिरणारा आवाज. पहिल्याच धडकेत परातीचा एक कोपरा तुटून छताला लागला. मामांनी सुपली मागे घेतली आणि इतकी सावकाश चालवायला सुरुवात केली की प्रेक्षकांतून कुणी ओरडलं, "आजोबा, सेल संपला काय?"

मामांना ते ऐकूच गेलं नाही. सावकाश सायकलीत इतकी वर्षं पाय न टेकता ते उगाच उभे राहिले नव्हते. कर्दनकाळ चिडल्यासारखा पुन्हा धावून आला. सुपली जागेवरून हलली नाही, फक्त उरलेला काठ जमिनीला टेकवून थांबली. कर्दनकाळ आपल्याच वेगाने परातीवर चढला आणि आत आला. टण. पुन्हा टण. चकती हवा कापत राहिली, चाकं हवेत फिरत राहिली. जड दाण्यासारखा तो मागे मागे येऊन सुपलीच्या पोटाशी बसला.

तेवढ्यात पंचांनी हात वर केला. प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवायला नियमात बंदी आहे, सोडा.

आता माझं काम आलं. मी नियमांचा कागद वर धरला आणि म्हणाले, "धरलंय कुठे? कुठल्या बाजूने आवळलंय दाखवा. तो प्रत्येक उडीला मोकळा आहे, फक्त त्याला उतरता येत नाही. करवतीने फाडणं चालतं आणि झुलवणं चालत नाही, असं कुठल्या ओळीत लिहिलंय?"

पंचांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. सुपली तोवर टण टण करत होतीच. शेवटी त्यांनी हात खाली घेतला.

मामांनी वाहतूक सुरू केली. वरातीत घोडा चालतो त्या चालीने सुपली कर्दनकाळाला झुलवत झुलवत कोपऱ्यापर्यंत गेली, खड्ड्याच्या काठावर थांबली, आणि मामांनी तिला झटकन मागे ओढलं. कर्दनकाळ खाली गेला. चकतीलाही ओरखडा नव्हता. त्या संघाच्या मुलांनी नंतर यंत्र तपासलं आणि तेच मामांना सांगायला आले, जरा चक्रावून.

"चांगलं बनवलंय तुमी," मामा म्हणाले. "मोडायचं कशापाई?"

बक्षीस समारंभ मोठ्या सभागृहात झाला. आम्ही मधल्या रांगेत बसलो. निवेदकाने तिसरा क्रमांक पुकारला, दुसरा पुकारला. मग म्हणाला, "आणि प्रथम क्रमांक, श्री. तुळशीराम गेनबा कुदळे, यवत."

मामा उठले नाहीत.

"मामा, चला. तुम्हालाच बोलावतायत."

"थांब की."

निवेदकाने पुन्हा पुकारलं. मामांनी डोळे मिटून घेतले होते.

"आई गेल्यापासनं कुणी म्हणलं न्हाई बघ," ते हळूच बोलले. "ती तुळश्या म्हणायची. आता समदे मामा. लग्नाच्या पत्रिकेतबी मंडपवाले मामा. आख्ख्या गावाचा मामा झालो, आन् बहीण एकबी न्हाई. उत्तेजनार्थाची नावं वाचत न्हाईत गं कुठं. वस्तू देऊन मोकळं व्हत्यात."

तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा ते उठले. टोपी नीट केली, व्यासपीठावर गेले, ढाल घेतली. निवेदकाने दोन शब्द बोला म्हणून माइक पुढे केला. मामांनी तो हातात घेतला, सवयीने त्यावर बोट वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "सायेब, मगाशी नाव घेतलं त्ये मागच्या लोकास्नी ऐकू गेलं न्हाई वाटतं. परत एकदा घ्या."

सभागृहात हशा पिकला. स्पीकर उत्तम चालू होता आणि ते मामांइतकं तिथे कुणालाच कळत नव्हतं. निवेदक घुटमळला. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं की आलं होतं ऐकू.

पत्रकात एक अक्षरही खोटं जाऊ द्यायचं नाही, या शिस्तीत मी मोठी झाले. मी उभी राहिले आणि सगळ्यांना जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाही. इकडेही आलं नाही."