गंगामावशीचं नाक

अन्याय झाला तो आमच्या गंगामावशीवर. कधी? यंदाच्या पोळ्याला, सकाळी, अख्ख्या गल्लीदेखत. आणि त्याआधी वर्षानुवर्षं, तिच्या दारासमोरच्या कोपऱ्यावर कचरा पेटायचा तेव्हा तेव्हा.

मावशी धर्माबादला आमच्या शेजारी एकटी राहते. दारादारावरून जाताना आतल्या स्वयंपाकाचा निकाल लावायचा, हा तिचा छंद. "सुमे, वांगं करपलं माय!" "मास्तर, आज बी पिठलंच? बायको रुसली काय?" बायका चिडायच्या, पण आधी गॅस बारीक करायला पळायच्या.

मग नाक चुकायला लागलं. मेथीला शेपू म्हणाली. "मावशी, नाक सर्व्हिसिंगला टाका!" सगळे हसले. तीही हसली.

पोळ्याला ती जरीचं लुगडं नेसून निघाली. घरोघर पुरण, चुकायची सोयच नाही. "पुरण झकास!" म्हणत म्हणत लक्ष्मीकाकूंच्या दारात आली आणि तिथंही तेच म्हणाली. काकूंच्या घरी सुतक. चूल थंड. त्या घरी रोज भाकरी पोचवणारी स्वतः मावशीच!

कुणी हसलं नाही.

दुपारी तिनं हिंगाची डबी माझ्यापुढं धरली. "पोरी, ह्याला वास हाय का?"

माझं नाक झणझणलं. "हाव."

"मला न्हाई येत. लई दिस झाले. कुणाला सांगू नको. कुणाकडं काय शिजून राहिलं, तेवढं सकाळी कानात सांगत जा."

"कशाला पण, मावशी?"

"एकटीसाठी कालवण करावं वाटत न्हाई माय. तुमच्या फोडणीच्या वासावर कोरडी भाकर खात होते."

मी तिला नांदेडला दाखवायला नेलं. डॉक्टर म्हणाले, वास जाणं, विसर पडणं ही मेंदू झिजू लागल्याची खूण असू शकते. वर्षानुवर्षं धूर आत गेला की धोका वाढतो. हिचं धुरानंच झालं, हे मात्र छातीठोक सांगता येणार नाही. ठीक. मग धूर निर्दोष आहे, हे तरी कोण छातीठोक सांगतंय? मीही त्याच गल्लीत वाढले. आता उठल्याबरोबर हिंगाची डबी हुंगते. वास येईपर्यंत जिवात जीव नसतो.

काल मी तिच्या कानात म्हणाले, "सुमीकडं वांगं." ती ऐटीत ओरडायला गेली. कोपऱ्यावर कचऱ्यात टायर पेटला होता. सगळ्यांचे पदर, रुमाल नाकाला. मावशी तेवढी धुरात उभी, हसत, वांग्याचं कौतुक करत.

पेटवणारे कुणी बाहेरचे नाहीत. वाचताय ना, तुम्हीच आहात. उद्या झाडलोट झाली की कचऱ्याला काडी लावू नका. शेजारी लावायला आला, तर त्याचा हात धरा.