माझी न गळणारी टाकी

काचेच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही! स्वतःच्याही नाही. आमचे तीर्थरूप याच धंद्यात हाडं झिजवून आता खुर्चीत बसलेत, पण हाताची सफाई म्हणाल तर ती माझीच. मी बसवलेली काच चेंडूने फुटेल, भांडणात फुटेल, पण आपणहून तडकणार नाही!

हेच मी दातांच्या डॉक्टरबाईंना सांगत होतो. त्यांच्या दवाखान्यात आरसा बसवायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट.

"आरसा छान बसवलात हो," त्या म्हणाल्या. "पण मशीनचा आवाज आला की बाहेरचे पेशंट काढता पाय घेतात. तिथे भिंतभर माशांची टाकी असती तर जरा रमले असते. समुद्रातले रंगीत मासे!"

"मी करून देतो ना!"

"टाक्याही करता तुम्ही?"

"म्हणजे काय! माझ्या घरीच आहे खाऱ्या पाण्याची. छोटीशी. कधीही येऊन बघा!"

बाईंनी लगेच कॅलेंडर उघडलं. मंडळी, कॅलेंडर जवळ असलेल्या माणसासमोर 'कधीही' म्हणू नये. दोन महिन्यांनंतरचा एक रविवार ठरला. घरची टाकी पसंत पडली तर भिंतीचं काम माझं!

भिंतभर टाकी! खिडक्यांच्या काचा बदलून बदलून माझा जीव विटला होता. ही एक भिंत झाली असती की शहरभर नाव! मी घरी नाचतच आलो.

"आपल्या घरी टाकी आहे?" बायकोने विचारलं. "मी रोज घर झाडते. मला कशी दिसली नाही?"

"होईल गं!"

टाकी केली, आणि काय केली! सांधा असा, की मुंगीला आत शिरायचं तर परवानगी काढावी लागेल. सांध्यात भरलेलं चिकट सिलिकॉन वाळेपर्यंत मात्र बाबा तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसले.

"याच्या हाताला खोड आहे," ते बायकोला म्हणाले. "स्वस्थ राहवत नाही याला. लहानपणी गुडघ्यावरची खपली कधी सुकू दिली नाही. जमलेल्या जोडाला हात लावायचा नाही, कळलं का रे?"

बाबांना कमी ऐकू येतं. त्यामुळे मी काय पुटपुटलो ते त्यांना समजलं नाही.

मग मासे! शोभेच्या माशांच्या दुकानातल्या ताई म्हणजे एकदम कडक बाई. मी निळ्याशार चपळ माशावर बोट ठेवलं.

"हा द्या! दणकट आहे ना?"

"डॅम्सेल? दणकट आहे की! इतका दणकट, की शेवटी टाकीत तो एकटाच उरतो. बाकीच्यांना जगू देत नाही."

"मग तो पिवळा, ताटलीएवढा?"

"त्याला पळायला मैदान लागतं. तुमची टाकी म्हणजे त्याला पोस्टाची पेटी. घरात कोण कोण असतं तुमच्या?"

"मी, बायको, वडील."

"पटतं?"

"म्हणजे... चालतं."

"तसेच मासे घ्यायचे. काटक, खाण्याचे नखरे नसलेले, आणि एकमेकांना सांभाळून घेणारे. क्लाउनफिशची एक जोडी आणि एक गोबी. गोबी बिचारा तळाशी बसून असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बस, तीनच! पण आधी महिनाभर नुसतं खारं पाणी आणि दगड ठेवायचे. पाणी तयार झाल्याशिवाय मासा देणार नाही."

"महिनाभर रिकाम्या पाण्याकडे बघत बसू?"

"बघू नका. दुसरं काहीतरी करा."

हेच तर मला जमत नाही! तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. दगड इकडचा तिकडे केला, तिकडचा इकडे केला. शेवटी बायकोने टाकीवर चादर टाकली. अखेर क्लाउनफिशची जोडी आली, आणि रविवारच्या आठवडाभर आधी गोबीही आला. पिवळाधमक! ताईंनी त्याच्याबरोबर त्याच्या सवयीचा एक भोकाभोकाचा दगडही दिला. टाकी अशी शोभून दिसत होती की मी दोनदा कंगवा करून तिच्यासमोर उभा राहिलो.

गुरुवारी चहा घेताना आवाज आला.

टक्!

हा आवाज मी झोपेतही ओळखतो. ताणलेली काच तडकते तेव्हा असाच येतो!

"ऐकलंस?" मी बायकोला विचारलं.

"ऐकलं. तुमची काच."

"माझी काच तडकत नाही!"

टक्!

"सांगा तिला तसं," बायको म्हणाली.

मी भिंग घेऊन चारही काचा बघितल्या. एक चरा नाही! काचेला कान लावून बसलो, तर आतून क्लाउनफिशची जोडी माझ्या कानात बघायला लागली. बाबांना विचारलं.

"मला तर काही ऐकू येत नाही," ते शांतपणे म्हणाले. "पाणी गळतंय का?"

"नाही."

"मग बस ना गप."

शुक्रवारी दर थोड्या वेळाने टक्! त्यात गोबी दिसेनासा झाला. दगडामागे नाही, कोपऱ्यात नाही, कुठेच नाही! क्लाउनफिशनी खाल्ला म्हणावं तर त्यांची तोंडं केवढीशी. एकीकडे काच तडकतेय, दुसरीकडे मासा गायब, आणि रविवारी डॉक्टर! माझ्या पायाला भिंगरी लागली. मी टाकीभोवती फिरतोय, बायको माझ्यामागे फिरतेय, "अहो, जेवा तरी!"

शनिवारी सकाळी मला राहवेना. पाणी, मासे, दगड, सगळं बादल्यांमध्ये काढलं. समोरच्या काचेचा सांधा मला जरा संशयास्पद वाटला. खरं सांगायचं तर दोन दिवस टक लावून बघितलं की स्वतःचा हातही संशयास्पद वाटतो. घेतलं पातं, आणि खरवडला सांधा!

बाबा खुर्चीतून ओरडले, "अरे, जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही!"

"मला शिकवू नका!"

धरत नाही हे मलाही माहीत होतं. म्हणून जुनं सगळं काढलं. बहुतेक सगळं. नवं भरलं आणि बायकोचा केस वाळवायचा ड्रायर लावला. कोरडीठाक टाकी समोर उभी, पाण्याचा थेंब नाही. आता बघू कोण वाजतं!

टक्!

मी टाकीकडे बघितलं. बायकोने बादलीकडे बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "प्लास्टिकची बादलीसुद्धा तुम्हीच केलीत का?"

टक्! बादलीतूनच! मी तशीच बादली उचलली आणि दुकान गाठलं. ताईंनी भोकाभोकाचा दगड हातात धरला, आत डोकावून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं बाई! हा तुमच्याकडे आला होय! मी याला दुकानभर शोधतेय!"

दगडाच्या भोकात बोटाच्या पेराएवढा एक झिंगा बसला होता. एक नांगी भली मोठी, आणि ती आपटली की टक्! त्याच्या शेजारी, अगदी खेटून, आमचा बेपत्ता गोबी.

"या झिंग्याला धड दिसत नाही," ताई म्हणाल्या. "तो बीळ खणतो आणि गोबी दाराशी राखण करतो. अख्ख्या समुद्रात यांच्यासारखी जोडी नाही. आता तोडू नका, दोघांनाही घेऊन जा. काच तडकली असं वाटलं ना? नवख्यांना सगळ्यांना वाटतं."

मला इतका आनंद झाला की मी रस्त्यात शीळ घातली! म्हणजे काच निर्दोष! सांधा निर्दोष! मी निर्दोष! मग अचानक शीळ थांबली. निर्दोष सांधा मी सकाळीच खरवडून काढला होता.

"आता चार दिवस पाणी भरू नकोस," घरी येताच बाबा म्हणाले. "डॉक्टरला फोन कर. पुढच्या रविवारी या म्हणावं."

"आणि त्यांनी काम दुसऱ्याला दिलं तर? वरून कोरडं लागतंय की!"

बाबांनी कपाळाला हात लावला आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली. मी संध्याकाळी टाकी भरली.

रविवारी डॉक्टर आल्या. बूट दाराबाहेर काढून थेट टाकीसमोर उभ्या राहिल्या. क्लाउनफिश डुलत होते, गोबी बिळाच्या दाराशी पहाऱ्यावर होता.

"वा! काय सुंदर!"

टक्!

डॉक्टर दचकल्या. "काच तडकली?"

या प्रश्नाची तर मी वाट बघत होतो! छाती फुगवून मी झिंग्याचं सगळं पुराण सांगितलं. नांगी, बीळ, राखण, समुद्रातली मैत्री. "माझी काच आणि तडकेल? हा आवाज झिंग्याचा!"

टक्!

"तोच!" मी म्हणालो.

"आवाज झिंग्याचा, मान्य," डॉक्टर म्हणाल्या. "पण माझे मोजे का भिजले?"

खाली बघितलं. समोरच्या सांध्यातून एक बारीक धार फरशीवर उतरली होती आणि डॉक्टरांच्या पायांना वळसा घालून बाबांच्या खुर्चीपर्यंत गेली होती. बायको बादल्या घेऊन धावली. डॉक्टरांनी तेवढ्यात पर्समधून कापसाचा बोळा काढला, सांध्यावर ठेवला आणि माझा अंगठा त्यावर दाबला.

"घट्ट दाबून धरा. अर्धा तास काढायचा नाही. आणि बोलायचं नाही!"

मी मुकाट्याने अंगठा दाबून बसलो. बायकोने मासे वाचवता वाचवता, मला बोलता येत नसल्याचा फायदा घेऊन, खपलीपासून ड्रायरपर्यंत सगळी हकीकत डॉक्टरांना सांगितली.

"आमच्याकडे येतात असे पेशंट," मोजे पिळत डॉक्टर म्हणाल्या. "दात चांगला असतो हो! पण सुईने टोकरत बसतात."

"काय म्हणाल्या?" बाबांनी विचारलं.

बायकोने त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. त्या महिन्यात बाबा पहिल्यांदा पोटभर हसले.

टाकी आता ठणठणीत आहे. या वेळी सिलिकॉन वाळेपर्यंत मी बहिणीकडे राहायला गेलो होतो. मासे मजेत, झिंगाही मजेत. दवाखान्यातही मासे आले, भिंतभर. फक्त ते छापील आहेत. डॉक्टरांनी समुद्राचं एक मोठं चित्र आणून लावलं.

चित्रावरची काच मात्र माझी! अजून तडकलेली नाही. तरी जाता-येता मी तिला कान लावून बघतो. आणि पेशंट काढता पाय घेतात.